बूड

बुरूड आळीत दुपारचं ऊन भिंतीला पाठ लावून बसतं,
तशी ठकूबाई बसलेली.
पुढ्यात हरसूलचा बांबू, उभा चिरलेला,
कामट्या घमेल्यात भिजत.
मी विचारलं, टोपली कुठून सुरू होते?
म्हणाली, बुडापासून.
आणखी कुठून?

त्या हिवाळ्यात मीही तेच करत होतो.
शरणपूरला रेव्हरंड रणभिश्यांच्या व्हरांड्यात
त्यांच्या पाठ सुटलेल्या कोशात
एका शब्दाचं बूड चाचपत होतो.

कानिस्त्रोन. म्हणजे टोपली,
भाकरीची, फळांची.
रोमला पोचेपर्यंत तिची कानिस्त्रुम झाली,
वीण तीच, काठ जरासा जाड.
आता उसव, रणभिसे म्हणाले.
उसवली. आत निघाला कान्ना:
बोरू, नदीकाठचा, पोकळ.
तोही ग्रीकांचा स्वतःचा नव्हेच.
समुद्रापलीकडून उसना आणलेला,
तिकडे त्याला काने म्हणत, त्याहून आधी कानू,
दोन नद्यांच्या मधल्या देशात
ओल्या मातीच्या विटेवर टोचून लिहिलेला.
टोचला कशाने?
बोरूनेच.
रणभिश्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला.
आणि त्याच्या खाली? मी विचारलं.
खाली पाणी, ते म्हणाले.

त्या रात्री झोप नाही.
कानू, कान्ना... आणि आमची कणगी!
पहाटे सायकल हाणत गेलो, दार वाजवलं.
ते मफलरमधून हसले.
कणगीतला कण दाण्याचा असावा रे.
आवाज सारखा आला
म्हणून सोयरीक होत नाही.

रणभिसे गेले. कोश मला दिला,
त्यात त्यांची तपकीर अजून सापडते.

मी आता पिंपळगावला पॅकहाउसमध्ये वजनं लिहितो.
आधी द्राक्षं ठकूबाईच्या पाट्यांतून जायची,
तळाला पेपरचा कागद, वर पाला,
आणि एखादी कामटी बोटात घुसायचीच.
आता क्रेट. निळे, जाळीचे,
एकावर एक, छपरापर्यंत, सगळे एका मापाचे.
बागेच्या बांधावर औषधाचं रिकामं कॅनिस्टर
तोंड उघडं टाकून पडलेलं.
पलीकडे कॅनॉल, पाण्याची पाळी आज आपली नाही.

एका संध्याकाळी हिशोब जुळेना, तेव्हा दिसलं.
कॅनिस्टर, म्हणजे तीच ती भाकरीची टोपली.
कॅनॉल, तोच पोकळ बोरू, आडवा झोपवलेला.
आणि क्रेट, लॅटिनात क्रातिस,
म्हणजे कूड, काटक्यांचा, हाताने विणलेला.
क्रेटला हात लावून पाहिला.
कुठेच सांधा नाही.

रविवारी ठकूबाईकडे गेलो. सगळं सांगितलं,
विटेपासून क्रेटपर्यंत.
ती ऐकत होती की नाही कळेना,
अंगठा कामट्यांवरून पुढे सरकत होता,
एक वर, एक खाली.
तिच्याकडे आता मागणी लग्नातल्या सुपांची,
आणि हॉटेलवाल्यांची, दिव्यांवर पालथी टांगायला.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
म्हंजी काम नेलं
आन् नाव आमचंच ठेवलं.

मला यावर कोशात काही सापडलं नसतं.

तेवढ्यात आळीच्या टोकाहून पोरगी ओरडली,
नळ आला गं, नळ!
ठकूबाई उठली, गुडघ्यावर हात देऊन,
बूड विणून झालेली टोपली तशीच सोडून,
उभ्या कामट्या हवेत बोटांसारख्या.

नळ. मी तिथेच बसून राहिलो.
नळ म्हणजेही बोरूच की, आमचा,
कुणाकडून उसना न आणलेला,
तोही पोकळ, त्यालाही पाणीच वाहायला लागलं.
हे सांगायला मान वळवली,
तर ती रांगेत, तिसरी,
कुणाशी तरी भांडत.

मग बादलीच्या बुडावर
पाण्याचा पहिला आवाज.